बुधवारचा गट आणि रविवारचं आमेन

सुबोध पाळक अंधेरीच्या कुठल्याशा मोठ्या चर्चमध्ये शिबिर करून आला आणि आल्या आल्या पहिल्याच रविवारी त्याने जाहीर केलं, की आपल्या मंडळीत आता लहान गट करायचे. हे ऐकून विमलाबाईंनी आधी मागे वळून पाहिलं. आपल्या पाठीमागे अचानक शे-दोनशे माणसं येऊन बसली आहेत की काय, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. मागे नेहमीचेच चेहरे होते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली ही मंडळी म्हणजे सगळी मिळून पाच-सहा घरं. रविवारपुरती बालवाडीची खोली मागून घ्यायची, चिमुकल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि भिंतीवरच्या कोंबडीच्या चित्राखाली उपासना करायची. सगळे आले तरी खोलीचा एक कोपरा रिकामाच राहायचा.

"अरे सुबोध," विमलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आपण मुळातच लहान गट आहोत. गटाचे आणखी गट पाडून काय चटणी वाटायचीय?"

खोलीत हशा पिकला. सुबोध आठवडाभर एका कुरिअर कंपनीत राबायचा आणि रविवारी पाळक व्हायचा. विमलाबाईंनी त्याला शेंबडा असल्यापासून पाहिलेलं, त्यामुळे 'पाळकसाहेब' वगैरे त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही.

"मावशी, आपण दर रविवारी भेटतो. पण मनातलं बोलतो का कधी?"

"नाहीतर काय करतो? मला इथल्या सगळ्यांचं सगळं ठाऊक आहे."

ते मात्र खरं होतं. द्रौपदीबाईंचा गुडघा, धोंडिरामकाकांचे कान, अबोलीचं लांबत चाललेलं लग्न, सगळं विमलाबाईंना तोंडपाठ होतं. त्यात कुचकेपणा नव्हता. माणसाची चौकशी करणं म्हणजेच माया, असं त्यांचं साधं गणित. उपासनेच्या शेवटी सुबोध "कुणाची प्रार्थनेची विनंती?" असं विचारायचा, तेव्हा एकेक जण उभा राहून आपलं गाऱ्हाणं सांगायचा आणि बाकीचे आमेन म्हणायचे. विमलाबाईंची विनंती ठरलेली असे. सुनेचं लग्न होऊन वर्ष उलटलं तेव्हापासून त्या दर रविवारी पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहत आणि म्हणत, "माझ्या शीतलची कूस उजवावी म्हणून मंडळीने प्रार्थना करावी." मग सगळी खोली आमेन म्हणे. सर्वांत शेवटी धोंडिरामकाकांचं आमेन येई. कारखान्यातल्या यंत्रापुढे जन्म गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचं आमेन उशिरा यायचं आणि खिडकीची तावदानं हलवून जायचं. ते ऐकलं की आपली विनंती वर पोचली, असं विमलाबाईंना वाटायचं.

गटांविरुद्ध त्या आणखीही बोलल्या असत्या. पण सुबोधने "कुणाकुणाला वाटतं करून पाहावं?" असं विचारलं आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या शीतलने हात वर केला. विमलाबाईंचं तोंड जागच्या जागी मिटलं.

त्याला कारण होतं. मागच्याच महिन्यात उपासनेनंतरच्या चहाच्या पाळ्या ठरत होत्या. दर महिन्याला एका घराने चहा करायचा, अशी मंडळीची पद्धत. विमलाबाईंच्या घराचं नाव निघालं तेव्हा शीतल हळूच म्हणाली, "यापुढे आमचं नाव धरू नका." घरी आल्यावर विमलाबाईंच्या मुलाने, अनयने, खुलासा केला. शीतलला आता अंधेरीच्या मोठ्या चर्चला जावंसं वाटत होतं. का, ते ती सांगत नव्हती. "तिथे कुणी कुणाला ओळखत नाही आई, म्हणून बरं वाटतं म्हणाली," एवढंच अनय बोलला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

विमलाबाई धास्तावल्या. त्यांना मुलगी नव्हती. शीतल घरात आली तेव्हा त्यांनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले होते, आणि तिच्यासोबत रविवारी मंडळीत जाताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. ती तिकडे गेली की अनयही जाणार. आज चर्च वेगळं, उद्या घर वेगळं. मग आपण एकट्याने कोंबडीखाली बसायचं. हा विचार आला की त्यांना घास गोड लागत नसे. त्यामुळे शीतलने ज्यासाठी हात वर केला, ते त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. गटांमुळे ती थांबणार असेल तर गट काय, सुबोधने सर्कस काढली असती तरी त्यांची हरकत नव्हती.

डब्यात चिठ्ठ्या टाकून तीन गट पडले. सुबोधने दोन नियम सांगितले. एका घरातली माणसं एका गटात नकोत. आणि गटात जे बोललं जाईल ते गटातच राहील. पहिल्या नियमाला विमलाबाईंनी नाक मुरडलं. दुसऱ्या नियमाचा अर्थ त्यांच्या लक्षात यायला पहिला बुधवार उजाडावा लागला.

शीतलचा गट बुधवारी संध्याकाळी द्रौपदीबाईंच्या घरी भरू लागला. द्रौपदीबाई म्हणजे विमलाबाईंची जिवाभावाची मैत्रीण, समोरच्याच इमारतीत राहायची. तिची खिडकी आणि विमलाबाईंची गॅलरी समोरासमोर. आजवर या सोयीचा उपयोग "आज काय केलंस गं?" असं ओरडून विचारण्यापुरता व्हायचा. आता बुधवार आला की विमलाबाईंना गॅलरीतल्या कुंड्यांची फार काळजी वाटू लागली. त्या कुंड्यांना पाणी घालत. पाणी संपलं की पिवळी पानं काढत. पिवळी पानं संपली की हिरवीही काढत.

खिडकीतून दिसायचं ते अजबच. शीतल बोलताना दिसायची. हात हलवून, भुवया उडवून बोलायची. घरात जिच्या तोंडून "हो आई" आणि "नको आई" यांपलीकडे तिसरं वाक्य क्वचित निघे, तीच ही मुलगी! एकदा ती डोळे पुसताना दिसली आणि द्रौपदीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या एका बुधवारी सगळेच पोट धरून हसत होते, आणि धोंडिरामकाकांना त्या हसण्याचं कारण शीतल त्यांच्या कानाशी वाकून सांगत होती. असं काय असेल, जे धोंडिरामला सांगता येतं आणि मला नाही? विमलाबाईंच्या हातात कुंडीतल्या मोगऱ्याची अख्खी फांदी आली.

घरी परतल्यावर शीतल गुणगुणत भांडी लावायची. विमलाबाई सहज विचारावं तसं विचारत, "काय मग, काय काय झालं?"

"छान झालं, आई."

"म्हणजे काय बोललात?"

"असंच."

आपल्याविषयीच बोलत असणार, याबद्दल विमलाबाईंना शंका उरली नाही. दुसरं आहे कोण त्या पोरीला बोलायला? आपला भाजीतला तिखटपणा, आपलं सकाळी लवकर उठून भांड्यांचा आवाज करणं, अशी सगळी पापं त्यांनी मनाशी उगाळून पाहिली. त्यांतलं नेमकं कुठलं शीतलला सलतंय, ते मात्र कळेना.

शेवटी त्यांनी द्रौपदीबाईंना जेवायला बोलावलं. बोंबील कुरकुरीत तळले, सोबत कैरीची चटणी केली. बोंबलांपुढे द्रौपदीबाईंचा निभाव लागत नाही, हा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

"माझ्यावर चिडलीय का गं ती?" चौथा बोंबील वाढत विमलाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"वेड पांघरू नको, द्रौपदे."

द्रौपदीबाईंनी बोंबील संपवला, काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "विमले, तू माझी बहीण आहेस. पण मी सांगणार नाही."

"म्हणजे काहीतरी आहे!"

"मी तसंही म्हटलं नाही."

"आजवर तू मला काय सांगितलं नाहीस? नवऱ्याचं सांगितलंस, दिराचं सांगितलंस..."

"ते माझं होतं, म्हणून सांगितलं. हे माझं नाही ना गं." द्रौपदीबाई हात धुवायला उठल्या. जाताना त्यांनी मैत्रिणीकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता, काळजी होती. विमलाबाईंना ते जास्त बोचलं.

मग त्यांनी जिन्यात धोंडिरामकाकांना गाठलं. हा त्यांचा मूर्खपणाच होता. कारण काका कुजबुजले तरी चार मजले ऐकू जायचं.

"सांगणार नाही!" काका गरजले. "पाळकाला शब्द दिलाय! सूनबाई गुणाची आहे तुमची!"

तळमजल्याचं दार उघडलं, दुसऱ्या मजल्याचंही उघडलं, आणि विमलाबाई कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून भराभर वर निघून आल्या.

त्यांचा स्वतःचा गट गुरुवारी सुबोधच्या घरी भरायचा. तिथे काय व्हायचं? पहिल्या वेळी काहीच झालं नाही. सुबोधने मन मोकळं करा म्हटल्यावर सगळे पंख्याकडे पाहत बसले. पंचवीस वर्षं एकमेकांना ओळखणाऱ्यांनी अचानक नवीन काय सांगायचं? विमलाबाईंनी तर तोंडावर म्हटलं, "मोठ्या चर्चला हे शोभतं रे. त्यांना एकमेकांचं नाव माहीत नसतं. आपल्याला झाकायला काय आहे?" त्यावर अबोली, एका दुकानात हिशेब बघणारी आणि एरवी तोंड न उघडणारी मुलगी, हळूच म्हणाली, "मावशी, सगळ्यांना माहीत असतं ना, म्हणूनच बोलता येत नाही." एवढं बोलून ती पुन्हा पंख्याकडे पाहू लागली. तिला नेमकं काय म्हणायचंय, हे विमलाबाईंना तेव्हा कळलं नाही. पण ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं त्यांच्या मनात राहिलं.

आणि मग तो रविवार आला. उपासना नेहमीसारखीच झाली. बाहेर हायवेवर गाड्यांचा आवाज चालू होता, आत सुबोधने विनंत्या विचारल्या. द्रौपदीबाईंनी आपल्या गुडघ्यासाठी प्रार्थना मागितली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. कुणाच्या तरी पुतण्याच्या नोकरीसाठी आमेन झालं. विमलाबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या शीतलची कूस उजवावी म्हणून मंडळीने प्रार्थना करावी."

आमेन आलं. पण ते किती बारकं होतं! सुबोध म्हणाला, अनय पुटपुटला, मागून एकदोन आवाज आले. विमलाबाई तशाच उभ्या राहिल्या. त्या धोंडिरामकाकांच्या आमेनची वाट पाहत होत्या. आजवर ते कधी चुकलं नव्हतं, उशिरा यायचं पण यायचंच. त्यांनी वळून पाहिलं. काका मांडीवरच्या पवित्र शास्त्राकडे बघत बसले होते. त्यांना ऐकू आलं नसेल म्हणावं, तर शेजारी द्रौपदीही खाली बघत होती. तिच्या शेजारचेही तसेच. बुधवारच्या खिडकीत जेवढी डोकी दिसायची तेवढी सगळी सतरंजीचे धागे मोजत होती. तावदानं हलली नाहीत.

अंधेरीच्या त्या चर्चमध्ये, हजार माणसांत, चारपाच जण गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला असता? इथे एक जरी गप्प बसला तरी खोलीला कळतं. विमलाबाई खाली बसल्या आणि त्यांनी शीतलकडे पाहिलं. शीतल समोरच्या भिंतीवरच्या कोंबडीकडे पाहत होती. आता त्यांना आठवलं, की आपण उभ्या राहिलो की ती दर रविवारी त्या कोंबडीकडेच पाहते. कोंबडीच्या पंखांखाली तिची पिल्लं काढलेली होती. इतकी वर्षं विमलाबाईंना वाटत आलं होतं, की पोर तल्लीन होऊन प्रार्थना करतेय.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पोट बिघडलंय म्हणाल्या आणि पलंगावर पडून एकेक गोष्ट डोळ्यांपुढे आणू लागल्या. उपासनेनंतर चहाचा कप शीतलच्या हातात देताना बायका तिच्या चेहऱ्याऐवजी पोटाकडे कशा पाहायच्या. "काय गं, काही बातमी?" हा प्रश्न किती जणी विचारायच्या. कुणी काढा आणून द्यायचं, कुणी दवाखान्याचा पत्ता. सगळी मायाच होती. पण त्या मायेला दर रविवारी दार उघडून कोण देत होतं? स्वतः विमलाबाई. पदर डोक्यावर घेऊन. त्या पोरीच्या अंगावरचं झाकण त्यांनी भरल्या सभेत आठवड्यामागून आठवडे काढलं होतं, आणि वर आमेन ऐकून समाधानाने खाली बसल्या होत्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी उशी तोंडावर घेतली.

गुरुवारी सुबोधच्या घरी त्या सगळ्यांत आधी जाऊन बसल्या. बाकीचे आले, पंखा सुरू झाला.

"इथे बोललेलं इथेच राहतं ना?" त्यांनी विचारलं. ज्या नियमाला त्यांनी महिनाभर शिव्या घातल्या होत्या, तोच त्या आता दाराची कडी तपासावी तसा तपासून घेत होत्या.

"इथेच राहतं, मावशी," सुबोध म्हणाला.

"मग ऐका. मी शीतलसाठी मागते म्हणून सांगायचे. पण मागत होते मी माझ्यासाठी. मला नातवंड हवं होतं. तिला काय हवंय, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. आणि आता विचारायचीही भीती वाटते. विचारलं आणि ती म्हणाली, मी चालले, तर?" एवढं बोलून त्या रडायला लागल्या. कुणी उपदेश केला नाही. अबोली उठून त्यांच्याजवळ सरकून बसली. विमलाबाई मंडळीत पंचवीस वर्षं होत्या, पण आपल्याला कशाची भीती वाटते, हे त्यांनी तिथे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी सुबोधने विनंत्या विचारल्या. मागचा रविवार सगळ्यांच्याच लक्षात होता. विमलाबाई उभ्या राहिल्या. द्रौपदीबाईंनी लगेच मान खाली घातली. शीतलची नजर भिंतीकडे गेली.

"माझी एक जुनी विनंती आहे," विमलाबाई म्हणाल्या. पदर डोक्यावर घ्यायचं त्या विसरल्या होत्या. "ती मी आज मागे घेते. ती माझी नव्हतीच. जिची आहे, तिला वाटलं तर ती मागेल. नाही वाटलं तर नाही मागणार. आणि चहाच्या वेळी तिला कुणी काही विचारलं, तर गाठ माझ्याशी आहे."

त्या बसल्या नाहीत, कारण आमेनशिवाय खाली कसं बसायचं ते सुचेना. सुबोधही गोंधळला. मागितलेल्या गोष्टीला आमेन म्हणतात. मागे घेतलेल्या गोष्टीला काय म्हणायचं, हे त्याच्या शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

तेवढ्यात अगदी शेजारून, खालून, एक बारीक आवाज आला. "आमेन."

शीतल भिंतीकडे पाहत नव्हती. तिने हात वर करून सासूचं मनगट धरलं आणि तिला हलकेच खाली बसवलं. मग द्रौपदीबाई आमेन म्हणाल्या, अबोली म्हणाली, एकेक करत सगळे म्हणाले. आणि सगळं शांत झाल्यावर, सुबोधने पुढचं गीत सांगायला तोंड उघडलं तेव्हा, मागून धोंडिरामकाकांचं आमेन आलं. तावदानं हलली.

चहाच्या वेळी द्रौपदीबाई लंगडत जवळ आल्या. "खरं सांग विमले, तुला कुणी सांगितलं? आमच्यातलं कुणी फुटलं का?"

"कुणी नाही फुटलं. तुम्ही गप्प बसलात, तेवढं पुरलं."

"ठरवून नाही बसलो गं. शपथेवर सांगते. तोंडातून निघालंच नाही."

सुबोध कप घेऊन मध्येच घुसला. त्याला वेगळीच उत्सुकता होती. "मावशी, मग गटांचं काय? ठेवायचे ना चालू? तुम्हाला पटलं ना आता?"

"अर्धं पटलं," विमलाबाई म्हणाल्या. "तिथे तोंड उघडलं, ते खरं. पण मला कळलं ते इथे बसून, सगळे एका खोलीत होतो म्हणून. तू ठेव गट. फक्त माणसं वाढली की खोली बदलायची घाई करू नको."

सुबोधने हसून चहाचा घोट घेतला. पलीकडे पुढच्या महिन्याच्या पाळीची चर्चा सुरू झाली होती. कुणाच्या घरी पाहुणे येणार होते, कुणाचा गॅस संपत आला होता, नेहमीची टाळाटाळ चालू होती. विमलाबाई हातातल्या कपाकडे पाहत राहिल्या. त्या बाजूला बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"पुढचा महिना आमचा धरा," शीतलचा आवाज आला. मग ती वळली आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, येताना आलं घ्यायला हवं. इथला चहा फार पांचट असतो."

"हो," विमलाबाई म्हणाल्या. आणि विसरू नये म्हणून त्यांनी पदराला गाठ मारून ठेवली.